फ्लिंच: दचकणे आणि कच खाणे यांच्या मधला शब्द

गोव्यातल्या चोडणची फेरीबोट धक्क्याला लागते तेव्हा तिची पुढची लोखंडी फळी धाडकन सिमेंटवर आदळते. रोजच्या माणसांना त्याचं काही नसतं. कोणी मोबाईल बघत असतो, कोणी स्कूटरला किक मारत असतो. पहिल्यांदाच आलेला माणूस मात्र क्षणभर खांदे आक्रसतो, डोळे मिटतो आणि अर्धं पाऊल मागे सरकतो. त्याला कोणी धक्का दिलेला नसतो. मागे सरकायचं असं त्याने ठरवलेलंही नसतं. त्या अर्ध्या पावलाला इंग्रजीत ‘फ्लिंच’ म्हणतात.

मी फोंड्यात संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. त्यातली बरीचशी चौथीपर्यंत मराठी शाळेत होती आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमात गेली. आता कोणी हॉटेलात रिसेप्शनवर आहे, कोणी नर्सिंग शिकते आहे, कोणी औषधाच्या दुकानात उभं राहतं. वाचताना हा शब्द आला की ती कोश उघडतात. तिथे एका ओळीत ‘दचकणे, कचरणे, मागे हटणे, कच खाणे’ असं काहीतरी सापडतं. चारही शब्द बरोबर आहेत. पण दचकणारा माणूस वेगळा आणि कच खाणारा वेगळा, हे आपल्याला मराठीत पक्कं ठाऊक असतं. मग एकाच इंग्रजी शब्दात हे दोघे कसे मावतात? ते कळलं तरच शब्द आपला होतो. म्हणून हा लेख अगदी सुरुवातीपासून शिकणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

पहिली पायरी: अर्थ आधी अंगाने शिका

कोणाला तरी तुमच्या तोंडासमोर अचानक टाळी वाजवायला सांगा. डोळे मिटतील आणि मान जराशी मागे जाईल. हे झालं फ्लिंच. आता दुसरा प्रसंग. तुम्ही इंजेक्शन घ्यायला बसला आहात. सुई तुम्हाला दिसते आहे, ती कधी टोचणार हेही कळतं आहे, तरी सुई कातडीला लागायच्या आधीच दंड मागे जातो. हेही फ्लिंच.

दोन्ही प्रसंग नीट पाहा, म्हणजे ‘दचकणे’ कुठे कमी पडतं ते कळेल. दचकायला नकळतपणा लागतो. जे येणार हे माहीत आहे त्याला आपण दचकत नाही. फ्लिंचला ही अट नाही. माहीत असूनही अंग मागे जाऊ शकतं. उलट, ‘तो झोपेतून दचकून उठला’ इथे फ्लिंच चालणार नाही, कारण समोर काही नव्हतं ज्यापासून त्याचं अंग दूर गेलं. तिथे इंग्रजीत ‘वोक विथ अ स्टार्ट’ म्हणतात. एखाद्याला दचकवणं याला ‘स्टार्टल’ हे वेगळं क्रियापद आहे.

म्हणजे फ्लिंचच्या पोटात तीन गोष्टी हव्यात: हालचाल छोटी, ती आपोआप झालेली, आणि तिची दिशा कशापासून तरी दूर. मला यातली तिसरी सर्वांत महत्त्वाची वाटते. हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकात जुन्या फ्रेंचमधून आला. तिथे ‘फ्लेंशिर’ या क्रियापदाचा अर्थच ‘बाजूला वळणे’ असा होता. भीतीचा रंग त्याला असतो, पण शब्दाचं हाड वळण्याचं आहे.

तापलेल्या तव्याला बोट लागलं की हात मागे येतो. ती आज्ञा पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून सुटते आणि चटका मेंदूला जाणवायच्या आत हात निघालेला असतो. म्हणून या पहिल्या अर्थाने कोणी फ्लिंच केलं तर त्यात त्याचा दोष काहीच नाही. हे लक्षात ठेवा, चौथ्या पायरीवर लागेल.

दुसरी पायरी: उच्चार, म्हणजे चिंच नव्हे

स्पेलिंग सोपं आहे: एफ, एल, आय, एन, सी, एच. अडचण शेवटच्या ‘च’ची आहे. मराठीत दोन ‘च’ आहेत आणि दोन्हीसाठी अक्षर एकच. ‘चिंच’ हा शब्द मोठ्याने म्हणा. पहिला ‘च’ टाळूला जीभ लावून येतो, दुसरा दातांजवळून. आता ‘चिंचेचा’ म्हणा. मधला ‘चे’ पुन्हा टाळूकडे गेला. फ्लिंचमधला च हा त्या ‘चे’मधला आहे, ‘चिंच’च्या शेवटचा नाही. माझ्या वर्गात दर वर्षी निम्मी मंडळी पहिल्या दिवशी चिंचेशी यमक जुळवून हा शब्द म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला तो ‘फ्लिंट्स’ असा ऐकू येतो, म्हणजे गारगोट्या.

यमक जुळणारे दोन शब्दही वेगळे ठेवा. ‘क्लिंच’ म्हणजे सामना किंवा सौदा पक्का करणं. क्रीडापानावर ‘मालिका क्लिंच केली’ या अर्थाने तो सारखा दिसतो. ‘फिंच’ हा चिमणीएवढा पक्षी. एक ‘ल’ इकडेतिकडे झाला की वाक्य भलतीकडे जातं.

तिसरी पायरी: रूपं आणि दोन नेहमीच्या चुका

क्रियापद नियमित आहे, त्यामुळे पाठांतर कमी. मूळ रूप फ्लिंच. ‘ही’ किंवा ‘शी’ कर्ता असेल तर वर्तमानकाळात शेवटी ई-एस लागतं आणि उच्चारात एक तुकडा वाढतो: फ्लिंचिझ. भूतकाळात ई-डी लागतं, पण उच्चार ‘फ्लिंचेड’ असा दोन तुकड्यांत करू नका. ‘च’ हा अघोष, म्हणजे घशात कंप न होता निघणारा, असल्याने ई-डीचा उच्चार ‘ट’ होतो: फ्लिंच्ट, एका दमात. आयएनजी लावलं की फ्लिंचिंग. नाम हवं असेल तर मूळ शब्दच नाम म्हणून चालतो: ‘विदाउट अ फ्लिंच’.

हे क्षणाचं क्रियापद आहे. त्यामुळे ‘ही वॉज फ्लिंचिंग’ म्हटलं की एकच लांबलचक फ्लिंच डोळ्यांसमोर येत नाही, तो पुन्हा पुन्हा तसं करत होता असा अर्थ होतो. मराठीतही ‘तो दचकत होता’ म्हटल्यावर आपल्याला हेच कळतं, म्हणून इथे वेगळं काही शिकायचं नाही.

शिकायचं आहे ते पुढे. फ्लिंच अकर्मक आहे. त्याला कर्म लागत नाही आणि लावताही येत नाही. ‘फटाक्याने मला दचकवलं’ हे मनात धरून मुलं लिहितात, ‘द क्रॅकर फ्लिंच्ट मी’. हे चूक. बरोबर वाक्य असं: ‘द क्रॅकर मेड मी फ्लिंच’. इथे ‘मेड मी’ नंतर ‘टु’ येत नाही आणि क्रियापदाचं मूळ रूपच राहतं. फ्लिंच्टही नाही, फ्लिंचिंगही नाही.

दुसरी चूक पहिलीचीच बहीण. ‘आय वॉज स्केअर्ड’ आणि ‘आय वॉज स्टार्टल्ड’ बरोबर असतात, म्हणून ‘आय वॉज फ्लिंच्ट’ असं लिहिलं जातं. कर्म नाही तर कर्मणी प्रयोगही नाही. ‘आय फ्लिंच्ट’, संपलं. नरकचतुर्दशीच्या पहाटे नरकासुराच्या पोटातले फटाके उडायला लागले की आपल्यापैकी कोणाचं अंग मागे जात नाही? त्या एका पहाटेवर पाच वाक्यं लिहा: मी, माझी बहीण, शेजारचे काका, आम्ही सगळे, आणि फटाक्याने कोणाला काय केलं. रूपं बसून जातील.

चौथी पायरी: ‘ॲट’ की ‘फ्रॉम’

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

फ्लिंचच्या मागे ‘ॲट’ आलं की पुढचा शब्द कारण सांगतो. ‘शी फ्लिंच्ट ॲट द नॉइज’: आवाज झाला आणि तिचं अंग आक्रसलं. कोणीही यात तिला भित्री म्हणत नाही. अंगाची गोष्ट आहे, अंगाने ती केली.

‘फ्रॉम’ आलं की दोन शक्यता निर्माण होतात. पुढे हात, सुई, ज्वाळा असं काही डोळ्यांना दिसणारं असेल तर अर्थ अजून अंगाचाच राहतो: त्या हातापासून ती मागे झाली. अशा वेळी बहुधा मध्ये ‘अवे’ही येतं: ‘फ्लिंच्ट अवे फ्रॉम हिज हँड’. पण पुढे कर्तव्य, सत्य, निर्णय, जबाबदारी असं मनाचं काही असेल, तर अंग स्थिर असूनही माणूस मागे हटलेला असतो. इथे तो कचरला किंवा त्याने कच खाल्ली, आणि इथे दोषाची छाया पडते. पहिल्या पायरीवर ज्याला दोष नव्हता त्यालाच आता आहे. कोशातले ते चार शब्द एका ओळीत का आले, त्याचं उत्तर या एका ‘फ्रॉम’मध्ये आहे.

मराठीतला सर्वांत जवळचा शब्द माझ्या मते ‘कचरणे’. तोही फ्लिंचसारखाच नकारात जास्त वापरला जातो: ‘खरं बोलायला ती कचरत नाही’, ‘न कचरता त्याने सही केली’. इंग्रजीतही मनाच्या अर्थाने होकारापेक्षा नकारच अधिक भेटतो: ‘शी नेव्हर फ्लिंच्ट फ्रॉम टेलिंग द ट्रूथ’. पण इथे सावध राहा. ‘बोलायला’, ‘सांगायला’, ‘करायला’ यातला ‘-यला’ आपल्याला ‘टु’कडे ओढतो आणि ‘फ्लिंच टु टेल’ असं लिहून होतं. तसं नसतं. ‘फ्रॉम’ आणि त्यानंतर आयएनजी.

‘अंग चोरणे’ मात्र या शब्दाजवळ आणू नका. ऐकायला ते फ्लिंचचं हुबेहूब चित्र वाटतं, पण अंग चोरणारा आळसाने कामाच्या मागे राहतो. त्याला ‘शर्क’ हे वेगळं क्रियापद आहे. फ्लिंच करणाऱ्यासमोर वेदना असते, भीती असते, काहीतरी कठीण असतं.

दोन्ही अर्थ एकत्र पाहायचे असतील तर मला आपल्या भूमीतले दोन प्रसंग आठवतात. डिचोली तालुक्यात शिरगावला वैशाख शुद्ध पंचमीला श्री लईराई देवीची जत्रा भरते. व्रत केलेले धोंड हातात वेताची काठी घेऊन पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. ज्याने ते पाहिलं आहे त्याला हे वाक्य पुन्हा समजावून सांगावं लागत नाही: ‘द धोंड्स वॉक्ड ओव्हर द एम्बर्स विदाउट फ्लिंचिंग’. तळव्याखाली निखारा आहे आणि अंग मागे येत नाही. हा अंगाचा अर्थ.

आणि १५ ऑगस्ट १९५५. गोव्याच्या सीमेवरून नि:शस्त्र सत्याग्रही आत शिरले आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पेडण्याकडून बांद्याच्या वाटेला लागलात तर पत्रादेवीला त्यांचं स्मारक आहे, थांबून पाहा. ‘द सत्याग्रहीज डिड नॉट फ्लिंच’. या छोट्या वाक्यात गोळीसमोर न हललेलं अंगही आहे आणि न डगमगलेलं मनही. म्हणूनच लिहिणाऱ्याने इथे ना ‘ॲट’ लावलं ना ‘फ्रॉम’. दोन्ही अर्थ एकत्र हवे असतील तेव्हा शब्दयोगी काहीच लावू नये, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगते.

पाचवी पायरी: शेजारी ओळखा

नर्सिंग शिकणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने एकदा विचारलं, “टीचर, पेशंटला विंच लागतो म्हणजे काय?” तिचे वडील मालीमच्या जेटीवर ट्रॉलरवर काम करत, त्यामुळे जाळं ओढणारा विंच तिला लहानपणापासून माहीत. नोंदीत लिहिलं होतं की डाव्या कुशीवर वळवताना रुग्ण ‘विन्सिझ’. तिने ते वाचलं ते आपल्या कानाने, आणि कान चुकीचा नव्हता. ‘विंच’ आपण दातांजवळच्या ‘च’ने म्हणालो की तो खरोखरच ‘विन्स’सारखा ऐकू येतो. तेव्हापासून मी वर्गात विंचू वापरते. ‘विंचू’मधला ‘च’ दातांजवळचा आहे, आणि विंचवाने नांगी मारली की चेहऱ्यावर जे उमटतं ते ‘विन्स’. यंत्राचा विंच टाळूच्या ‘च’ने म्हणायचा, वेदनेचा विन्स ‘स’ने संपवायचा.

विन्स हा फ्लिंचचा सख्खा शेजारी. जुन्या फ्रेंचमधला त्याचा पूर्वजही ‘बाजूला वळणे’ याच अर्थाचा होता. पण आज त्यांनी घर वाटून घेतलं आहे. फ्लिंच सगळ्या अंगाचा, विन्स चेहऱ्याचा. कच्चं बिंबल, म्हणजे ते आंबट फळ, चावल्यावर तोंड क्षणभर आवळतं, तशी वेदनेने चेहऱ्यावर कळ उमटली की विन्स. दुसरा फरक वेळेचा. फ्लिंच बहुधा लागायच्या आधी होतं, विन्स लागल्यावर. डॉक्टर पोट दाबून पाहताना रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघतात ते यासाठीच. रुग्ण ‘दुखत नाही’ म्हणाला तरी चेहरा सांगून जातो. तोच भाव क्षणाऐवजी चेहऱ्यावर टिकून राहिला तर त्याला ‘ग्रिमेस’ म्हणतात. रुग्णसेवेत असाल तर हे तीन शब्द वेगळे ठेवाच. ‘सुई बघून मागे झाला’ आणि ‘दाबल्यावर कळवळला’ या नोंदींवरून डॉक्टर वेगवेगळे अर्थ काढणार.

रूपांत एकच लक्ष ठेवा: शेवटी ‘ई’ असल्याने आयएनजी लावताना तो गळतो. भूतकाळात ‘विन्स्ट’, पुन्हा ‘ट’.

‘क्रिंज’ आता मराठी मुलांच्या तोंडीही आहे, पण तो फक्त विशेषण म्हणून: ‘किती क्रिंज आहे!’ ही अलीकडची बोलीतली वापरणी आहे, परीक्षेत किंवा अर्जात नको. क्रियापद म्हणून त्याचे दोन अर्थ. एक, ओशाळून आतल्या आत आक्रसणं. शाळेतल्या स्नेहसंमेलनाचा आपलाच जुना व्हिडिओ पाहुण्यांसमोर लागला की होतं ते. दुसरा जुना, बलवंतापुढे लाचारीने वाकणं किंवा भीतीने अंग गोळा करणं. जुन्या इंग्रजीत या धातूचा अर्थ रणात पडणं, वाकणं असा होता. त्यामुळे जुन्या कादंबरीत नोकर क्रिंज करताना दिसला तर त्याला शरम वाटते आहे असं समजू नका. स्पेलिंगमध्ये आयएनजी लावताना इथेही ‘ई’ जातो. भूतकाळात मात्र ‘ज’ घोष असल्याने शेवट ‘ड’ होतो: क्रिंज्ड.

बाकीचे भराभर. ‘रिकॉइल’ म्हणजे मोठ्या झटक्याने मागे होणं, बंदूक उडाल्यावर खांद्याला बसतो तो धक्काही हाच. ‘श्रिंक फ्रॉम’ म्हणजे हळूहळू संकोचत मागे राहणं, आणि हे क्रियापद अनियमित आहे: श्रिंक, श्रँक, श्रंक. ‘क्वेल’ म्हणजे भीतीने गळून जाणं. तो पुस्तकी शब्द आहे, आणि नाम म्हणून तोच शब्द लाव्या पक्ष्याचं नाव आहे.

सहावी पायरी: वाचताना भेटणारं रूप

इंग्रजी वर्तमानपत्रात तुम्हाला फ्लिंचपेक्षा ‘अनफ्लिंचिंग’ अधिक वेळा दिसेल. धैर्य, पाठिंबा, निष्ठा, नजर या शब्दांआधी ते विशेषण येतं. ‘अनफ्लिंचिंग सपोर्ट’ म्हणजे न डगमगणारा पाठिंबा. पुस्तकाच्या किंवा माहितीपटाच्या परीक्षणात मात्र त्याचा अर्थ थोडा वळतो. तिथे ते नजर न वळवता, आडपडदा न ठेवता दाखवलेलं असं सांगतं. ‘निर्भय’ म्हटलं तर अर्धंच भाषांतर होतं. बघवत नाही असं काही लेखकाने पाहिलं आणि मान फिरवली नाही, हे त्यात आहे. ‘बाजूला वळणे’ हा मूळ अर्थ इथे किती स्पष्ट उरला आहे बघा. क्रियाविशेषण करायचं तर शेवटी ‘ली’. पण ‘अनफ्लिंच’ असं क्रियापद नाही, ते कोणी वापरलं तर दुरुस्त करा.

क्रिकेटच्या वर्णनातही कान उघडे ठेवा. सुनील गावस्कर हेल्मेट न घालता जगातल्या वेगवान गोलंदाजांसमोर उभे राहिले. अशा फलंदाजाबद्दल ‘ही डिडन्ट फ्लिंच’ म्हणतात, तेव्हा चेंडू अंगावर येत असताना त्याची नजर चेंडूवरून हटली नाही, असा साधा अर्थ असतो. ‘हू विल फ्लिंच फर्स्ट’ असं दोन पक्षांच्या वाटाघाटीत वाचलं तर मात्र तिथे कोणाच्या अंगाचा संबंध नाही. आधी कच कोण खातो, एवढंच विचारलेलं असतं.

सराव

एक आठवडा वहीची तीन पानं ठेवा. पहिल्यावर ‘अंग’, दुसऱ्यावर ‘चेहरा’, तिसऱ्यावर ‘मन’ असं लिहा. दिवसभरात बसच्या ब्रेकला, दंतवैद्याच्या खुर्चीत, मीटिंगमध्ये कोणी कशापासून मागे झालं की आधी मराठीत एक ओळ लिहा आणि ती योग्य पानावर टाका. रात्री इंग्रजी करा. अंगाच्या पानावर फ्लिंच आणि ‘ॲट’. चेहऱ्याच्या पानावर विन्स. मनाच्या पानावर फ्लिंच, ‘फ्रॉम’ आणि आयएनजी. ‘कोणी कोणाला दचकवलं’ अशी ओळ आली तर ‘मेड’ घेऊन वाक्य पुन्हा बांधा. जी ओळ तिन्ही पानांवर बसत नाही तिच्यासमोर खूण करून ठेवा, कारण तिथे बहुधा ‘स्टार्टल’ किंवा ‘शर्क’ हवा असतो. मग सगळी वाक्यं मोठ्याने वाचा, आणि प्रत्येक फ्लिंचच्या आधी एकदा ‘चिंचेचा’ म्हणा.